शेरी कास्कच्या माल्टमध्ये मनुका नेमक्या कुठे असतात?

पर्वतीकर:
मंडळी, प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, म्हणून इथे विचारतोय. साडू लंडनहून आला. येताना विमानतळावरून बाल्व्हेनी डबलवूड १२ ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची स्कॉच घेऊन आला. माझी आजवरची मजल म्हणजे ब्लेंडेड स्कॉच, मूठभर बर्फ आणि वरून सोडा. साडूने आधीच बजावलं, "दादा, ह्यात सोडा घातलात तर बाटली उचलून परत नेईन."

मग साग्रसंगीत कार्यक्रम झाला. तळाशी फुगीर आणि वर निमुळता असा ग्लास, त्यात मोजून ३० मिली, दहा मिनिटं नुसतंच बघत बसायचं. नंतर नाक लावायचं. साडू डोळे मिटून म्हणाला, "मनुका. ख्रिसमस केक. दालचिनी. लागतंय का?"

मला पहिल्यांदा लागला तो इंजेक्शनच्या आधी दंडाला चोळतात त्या स्पिरिटचा वास. थोड्या वेळाने मध, आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा कप उघडल्यावर येतो तसलं काहीतरी. जिभेवर गोडसर, गिळताना तिखट ऊब. बरं लागलं, खोटं कशाला बोलू. पण मनुका नाहीत म्हणजे नाहीतच. मी मान डोलावली आणि म्हटलं, "हो हो, लागतायत ना!"

तर, मनुका खरंच असतात का? आणि बारा वर्षं एका पिंपात ठेवलेली व्हिस्की शेवटचे नऊ महिने शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाईनच्या, पिंपात घालून असा काय फरक पडतो?

चिवट_चकली:
मनुका बाटलीच्या तळाशी असतात. शेवटच्या पेगपर्यंत गेलात की लागतात. त्या वेळी काजू, बदाम, बेदाणे आणि पाहुणे सगळंच लागतं.

अर्धाकप:
मान डोलावणं ही टेस्टिंगमधली पहिली पायरी आहे. अभिनंदन.

मोजून_मापून:
आधी एक गोंधळ निस्तरू. 'फिनिश' हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो. एक, घोट गिळल्यावर तोंडात मागे रेंगाळते ती चव. दुसरा, व्हिस्की एका प्रकारच्या पिंपात मुरल्यावर शेवटचा काही काळ दुसऱ्या प्रकारच्या पिंपात हलवणं. तुमच्या बाटलीवरचा मामला दुसरा.

स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, कमीत कमी ३ वर्षं मुरावं लागतं आणि बाटलीत अल्कोहोल किमान ४०% लागतं. पिंप नवंच हवं अशी अट नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. अमेरिकेत बर्बनला, म्हणजे त्यांच्या मक्याच्या व्हिस्कीला, आतून जाळलेलं कोरं पिंप लागतं. एकदा वापरलं की बर्बनच्या दृष्टीने त्याचं काम संपलं. म्हणून ती साधारण २०० लिटरची पिंपं स्कॉटलंडला ढिगाने आणि तुलनेने स्वस्तात मिळतात. तुम्हाला मध आणि व्हॅनिला लागलं ते ह्या अमेरिकन ओकचं देणं. म्हणजे तुमचं नाक अगदी ठणठणीत आहे, काळजी नसावी.

शेरीचं पिंप, ज्याला बट म्हणतात, ते ५०० लिटरच्या आसपास. डबलवूड आधी १२ वर्षं बर्बनछाप पिंपांत असते, मग ९ महिने ओलोरोसो शेरीच्या पिंपांत, आणि शेवटी तीन-चार महिने टन नावाच्या अजस्र लाकडी भांड्यांत एकत्र नांदते. ही पद्धत रुजवणारे डेव्हिड स्ट्यूअर्ट १९६२ मध्ये बाल्व्हेनीच्याच कंपनीत लागले. १९८२ मध्ये त्यांनी बाल्व्हेनी क्लासिक काढली, १९९३ मध्ये डबलवूड. आज दुकानात प्रत्येक तिसऱ्या बाटलीवर 'फिनिश' दिसतं, त्या प्रथेच्या अगदी सुरुवातीच्या खेळाडूंपैकी ही एक आहे.

चिवट_चकली:
५०० लिटरचा बट. काही बोलत नाही, ताई लोक वाचतात.

खारीकखोबरं:
ताई लोक वाचतात आणि पितातही. चालू द्या.

पर्वतीकर, नऊ महिन्यांत काय होतं हे तुमच्या स्वयंपाकघरातच कळेल. हिंगाची डबी तीनदा धुवा, उन्हात ठेवा, मग त्यात साखर भरा आणि महिन्याने चहा करा. लाकूड तर डबीच्या दसपट पितं. शेरी ओतून काढली तरी फळ्यांच्या आत मुरलेली राहतेच, वर लाकडाचं स्वतःचं आहेच. इंग्रजीत काय म्हणायचं ते म्हणोत, आपल्याकडे ह्याला 'मुरणं' हा चोख शब्द आहे. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, माणूसही मुरतो.

डॉ_खवचट:
हिंगाची उपमा आवडली, पण ती माझ्या बाजूने आहे. हिंगाच्या डबीत ठेवल्याने साखरेचा हिंग होत नाही, साखर बिघडते. बारा वर्षं जे व्हायचं ते झालेलं असतं. शेवटी नऊ महिने शेरी म्हणजे लग्नघटिकेला नवरदेवाच्या तोंडाला पावडर. शेरीच प्यायची असेल तर जन्मापासून शेरीच्या पिंपात वाढलेली घ्या. ग्लेनफार्क्लस घ्या, ग्लेनड्रोनॅक १२ घ्या. त्यात मनुका शोधाव्या लागत नाहीत, त्या अंगावर येतात. पर्वतीकरांना मनुका लागल्या नाहीत कारण त्या त्यात जेमतेमच आहेत. साडूने लेबल वाचून पाठांतर केलं होतं, बस.

नदीकाठ:
डॉक्टर, पावडरीवर आक्षेप. मी एडिंबरोला असते, गेल्या वर्षी डफटाऊनला, म्हणजे बाल्व्हेनीच्या गावी, जाऊन आले. गाव एवढंसं, मधोमध घड्याळाचा मनोरा. तिथे एक म्हण आहे की रोम सात टेकड्यांवर वसलं आणि डफटाऊन सात भट्ट्यांवर. बाल्व्हेनीत अजून थोडं बार्ली जमिनीवर पसरून, लाकडी फावड्याने उलटंपालटं करून मोड आणतात. आपण मटकी कापडात बांधतो, ते अख्खा हॉल भरून पसरतात, एवढाच फरक. त्या मजल्यावर ओल्या धान्याचा जो वास येतो तो थेट आमच्या आजोळच्या कणगीचा. मी तिथेच अडकले, ग्रुप पुढे निघून गेला.

मुद्दा असा, की फिनिश करणाऱ्याला शेरी प्यायला द्यायचीच नसते. पुरणपोळीत जायफळ किती घालता? चिमूटभर. म्हणून जायफळ पावडर झालं का? पूर्ण शेरीत मुरलेली माल्ट कधीकधी इतकी जड होते की खालचं धान्य, मध, फुलांचा वास सगळं दबून जातं. दोन्ही प्रकार आपापल्या जागी. मला स्वतःला थंडीत जड आवडते, एरवी नाही.

डॉ_खवचट:
जायफळ मान्य. पावडर मागे घेतो, काजळ ठेवतो.

सोडावॉटर:
एवढं सगळं करून ४०% ची बाटली. त्यात नाक खुपसून मनुका शोधायच्या, आणि इथे दुकानात किमती बघितल्या की बेदाणे सोडा, शेंगदाणेसुद्धा परवडेनात. मी सोडा घालूनच पितो, मजा येते. कुणी माझी बाटली परत नेलेली नाही कारण कुणी आणलेलीच नाही.

अर्धाकप:
दिवस बदलतील सोडावॉटर. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. त्यात व्हिस्कीवरची आयात जकात १५०% वरून ७५% आणि मग दहा वर्षांत ४०% वर आणायचं ठरलंय. पुढे राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं ते ३००% वरून १५०% केलं होतं, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटायचे बाकी राहिले होते.

सोडावॉटर:
दहा वर्षांत माझं लिव्हर फिनिशला आलेलं असेल.

स्टुटगार्टची_सून:
रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. गडद लाल-तपकिरी रंग बघून 'व्वा, शेरी!' म्हणू नका. स्कॉचमध्ये साखर जाळून केलेला रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. इथे जर्मनीत तो घातला असेल तर लेबलवर तसं लिहावं लागतं, 'मिट फार्बश्टोफ'. त्यामुळे दुकानात बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचायची सवय लागली. सासरे म्हणतात ही औषधाची एक्स्पायरी बघते तशी व्हिस्की बघते.

पर्वतीकर:
बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल पुन्हा प्रयत्न केला. मनुका नाहीत. ह्या वेळी दालचिनी मात्र पुसटशी वाटली, पण बायको शेजारीच मसालेभाताची तयारी करत होती, त्यामुळे पुरावा बाद.

खारीकखोबरं:
मसालेभात शिजत असताना टेस्टिंग? उद्या देवघरात उदबत्ती लावून बसाल आणि पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळत्या मातीचा, धूर लागला म्हणाल.

तासगावचा_गडी:
मी पिणारा नाही, वाचणारा आहे. पण घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे, म्हणून मनुकांवर बोलायचा हक्क सांगतो.

पर्वतीकर, तुम्ही मनुका म्हणून नेमका कुठला वास शोधताय? पुण्यात वाण्याकडे जे मिळतं ते बहुतेक आमचं बेदाणं असतं, हिरवट-पिवळं. ते थॉमसन जातीच्या बिनबियांच्या द्राक्षांचं. घड डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे सालीवरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवायचे. ऊन लागलं तर काळं पडतं आणि सौद्यात भाव पडतो. वर रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी. त्यामुळे चव आंबट-गोड, हलकी. शिऱ्यात फुगतं ते हे.

शेरीवाले ज्याला मनुका म्हणतात ते हे नव्हेच, असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं. ती काळी मनुका, बियांची. आजी रात्री पाण्यात भिजवून सकाळी पोरांना द्यायची ती. वास चिकट, जवळजवळ काकवीचा.

मोजून_मापून:
गडी, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. शंभर टक्के बरोबर.

शेरी येते स्पेनच्या दक्षिणेकडून. खेरेस, सानलुकार आणि एल प्वेर्तो ह्या तीन गावांचा त्रिकोण. खेरेसचंच इंग्रजांच्या तोंडी शेरी झालं. पालोमिनो द्राक्षाची वाईन, त्यात वरून द्राक्षाचं स्पिरिट घालून ताकद वाढवलेली. फिनो प्रकारात वाईनवर यीस्टची साय धरते, ती हवा लागू देत नाही, म्हणून फिनो फिकट आणि कोरडी. ओलोरोसोवर साय नसते. हवा लागून लागून ती तपकिरी होते आणि अक्रोडासारखी लागते. पण गंमत बघा, ती गोड नसते! नाकाला गोड, जिभेला कोरडी. आणि तिसरी पेद्रो खिमेनेस, थोडक्यात पीएक्स. त्या द्राक्षांचे घड चटयांवर अंथरून चक्क कडक उन्हात वाळवतात. म्हणजे तुमच्या शेडच्या बरोबर उलट. काळी, दाट, चमच्याला चिकटणारी वाईन. काकवी म्हणालात ना, तीच.

डबलवूडमध्ये ओलोरोसोचं पिंप आहे, पीएक्सचं नाही. म्हणजे पर्वतीकरांनी मनुकांच्या आधी अक्रोड शोधायला हवा.

तासगावचा_गडी:
उन्हात वाळवून काळं केलेलं ते लोक मुद्दाम करतात? आमच्या वडिलांना सांगितलं तर म्हणतील, त्यांना सौद्यात आणून बसवा एकदा.

कुळागर:
गोव्यातून देव बरें करूं. गंधकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रिकामं पिंप नासू नये म्हणून त्यात गंधकाची वात जाळायची जुनी पद्धत आहे. ती धुरी जास्त झाली की व्हिस्कीत विझवलेल्या काडीचा, रबराचा वास उतरतो. काही लोकांना तो कळतच नाही, काहींना एका थेंबात कळतो. मला कळतो, हा शाप आहे. एकदा बरीच महाग शेरीवाली बाटली उघडली, नाव घेत नाही, आणि घरभर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा वास. मित्र म्हणत होते काय सुंदर मनुका आहेत.

दुसरं, नऊ महिन्यांचा हिशोब तिथला आहे. आमच्या इथे कुंकळ्ळीला पॉल जॉनची माल्ट होते, बंगळूरला अमृत. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २% उडून जातं, इकडच्या उन्हाळ्यात त्याच्या चार-पाच पट. मुरणंही त्याच वेगाने. अमृतची एक इंटरमीडिएट शेरी आहे, तिच्यात मधली मुरवण शेरीच्या पिंपात आणि शेवट पुन्हा बर्बनच्या. तिला फिनिश म्हणायचं की मध्यंतर, तुम्हीच ठरवा.

चिवट_चकली:
फेणीच्या पिंपात फिनिश केलेली स्कॉच कधी येणार? २०१९ मध्ये स्कॉचचे नियम सैल होऊन टकीलाच्या पिंपांनाही वाट मिळाली म्हणे.

कुळागर:
ती आली तर पिंप बदलावं लागणार नाही बाबा, गोदाम बदलावं लागेल.

डॉ_खवचट:
कुणी हे सांगितलं का, की 'शेरीचं पिंप' ही चीजच आता बरीचशी व्हिस्कीवाल्यांनी बनवून घेतलेली असते? पूर्वी शेरी पिंपांतूनच जहाजाने इंग्लंडला जायची, तिथे बाटल्या भरायचे, रिकामी पिंपं स्कॉटलंडला. १९८० च्या दशकात स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम आला आणि तो ओघ आटला. आता खेरेसला नवीन पिंप बनवायचं, त्यात दीड-दोन वर्षं शेरी भरून ठेवायची, मग शेरी काढून पिंप पाठवायचं. ती शेरी प्यायच्या लायकीची असेलच असं नाही, बरीचशी व्हिनेगरला जाते. म्हणजे कपबशीसाठी चहा करून तो मोरीत ओतणे.

नदीकाठ:
आणि ज्या खऱ्या जुन्या सोलेरातली, म्हणजे नवी-जुनी शेरी मिसळत मुरवायच्या पिंपांच्या उतरंडीतली, शेरी आपण पितो, ती पिंपं शेरीवाले विकतच नाहीत. त्यांना जुनं, दमलेलं, चव न देणारं लाकूडच हवं असतं. व्हिस्कीला ते काही कामाचंही नाही. तेव्हा खास बनवून घेतलं तर त्यात फसवणूक काय? नवीन तवा आपणही तेल लावून, कांदा परतून तयार करतोच की. तो कांदा कुणी खातं का?

डॉ_खवचट:
आमच्याकडे खातात. पण मुद्दा पोचला.

अर्धाकप:
पर्वतीकर, थोडं प्रॅक्टिकल. नाक ग्लासात बुडवू नका, काठाशी धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवा. स्पिरिटचा भपका निम्म्याने कमी होतो. मग अर्धा चमचा साधं पाणी घाला. बर्फ नको, थंड झालं की वास झोपतात. पाण्याने वास खुलतो हे नुसतं मानण्यावर नाही, २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर त्याची मांडणी करून दाखवली होती. आणि ग्लास लगेच धुऊ नका. सकाळी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. मद्यार्क उडालेला असतो, मागे फक्त पिंप उरतं.

सोडावॉटर:
अर्धा चमचा पाणी चालतं, मग सोडा का नाही? तेही पाणीच आहे, फक्त उत्साही.

अर्धाकप:
बुडबुडे वास वर फेकून मोकळे होतात, दोन मिनिटांत ग्लास रिकामा. पण तुमची बाटली, तुमचा सोडा.

खारीकखोबरं:
मला त्या ख्रिसमस केकबद्दल बोलायचंय. आपण पुण्या-सोलापूरकडचे लोक तो केक मोठेपणी, बेकरीतून आणून खातो. माझी मैत्रीण वसईची, तिच्या आईकडे सुकामेवा कितीतरी दिवस आधी रममध्ये भिजत घालतात. तिला ग्लास हातात दिला की पहिल्या वासाला 'केक' म्हणते, कारण तिला तो लहानपणापासून ठाऊक आहे. मला त्याच ग्लासात सुंठवडा लागतो. रामनवमीचा, द्रोणातला, थोडं खोबरं आणि खारीक असलेला. माझ्या आयडीवर हसू नका. साडूची यादी पाठ करू नका, आपल्या फडताळात शोधा.

स्टुटगार्टची_सून:
खरंय. मला ओलोरोसोत नेहमी संत्र्याची वाळलेली साल आणि आईच्या कपाटातलं जुनं लाकूड. पीएक्सवाल्यात खजुराचं लोणचं. नवऱ्याला एकही पटत नाही, तो म्हणतो आलूबुखार.

पर्वतीकर:
मंडळी, अहवाल देतो.

मंडईतून बियांच्या काळ्या मनुका आणल्या, रात्रभर भिजवल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी, स्वयंपाकघर थंड असताना, बसलो. एका वाटीत मनुका, एका वाटीत अक्रोड, आणि ग्लासात ३० मिली. तोंड उघडं, नाक काठाशी, अर्धा चमचा पाणी. बायको दारातून म्हणाली, "आता फक्त जानवं उजवीकडे घ्यायचं राहिलंय."

अक्रोड पहिल्या फटक्यात लागला. अक्रोडाच्या गरावर पातळ तपकिरी पापुद्रा असतो ना, थोडा कडवट, तोच. मोजून_मापून, तुम्हाला दंडवत. मग एक मनुका चावली, पाणी प्यायलो, पुन्हा घोट घेतला. वासात नाहीच. जिभेवरही नाही. पण गिळल्यावर, दहा-पंधरा सेकंदांनी, दाढांच्या मागे एक तुरटपणा आला. मनुकेची साल आणि बी चुकून चावलं की येतो तो. मी इतके दिवस मनुका गोडीत शोधत होतो! डॉक्टर, जेमतेम आहेत हे तुमचं खरं, पण आहेत.

सकाळी रिकामा ग्लास बायकोच्या नाकाखाली धरला, काहीही न सांगता. तिने दोनदा वास घेतला आणि म्हणाली, "ह्यात तिळगूळ ठेवला होता का?" हा शब्द आजवर कुठल्याही लेबलवर वाचलेला नाही.

खारीकखोबरं:
वहिनींना सभासद करून घ्या आधी.

तासगावचा_गडी:
पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घरच्या काळ्या मनुका पाठवतो. उन्हात वाळवलेल्या चार जाळ्या आहेत, वडिलांपासून लपवून.

पर्वतीकर:
नक्की! फक्त एक नवीन अडचण. ह्या सगळ्या अभ्यासात बाटली चार बोटांवर आलीये आणि साडू रविवारी जेवायला येतोय. म्हणाला, "डबलवूड ठेवा हं थोडी." कुठे लपवू?

चिवट_चकली:
हिंगाच्या डबीमागे.